भाषा शिकायची, ऐकायचे मात्र नाही

मिशनरी म्हटले की मराठी मध्यमवर्गीयाच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. दूरच्या पाड्यावर धुरळा उडवीत आलेली जीप, औषधांची पेटी, दुधाच्या भुकटीचे डबे आणि त्यांच्या मोबदल्यात बदललेली नावे. हे चित्र सर्वस्वी कल्पित आहे असे कोणी म्हणणार नाही. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या नियोगी समितीच्या अहवालात अशा प्रकारांविषयीच्या तक्रारी विस्ताराने नोंदविल्या गेल्या आहेत. परंतु हे चित्र अपुरे आहे, आणि अपुऱ्या चित्रावर बेतलेली दक्षताही अपुरीच राहते. दुधाचा डबा संपतो. अनोळखी माणसाने आपल्या घरच्या बोलीत विचारपूस केली, तर ती मात्र वर्षानुवर्षे लक्षात राहते. जगातील संघटित धर्मप्रचारकांनी हे फार पूर्वी ओळखले आणि त्यासाठी पैसा, इमारती व माणसे कामाला लावली. त्यांतील सर्वांत सुसज्ज अशा एका केंद्राचे दैनंदिन जीवन बारकाईने पाहण्यासारखे आहे.

अमेरिकेच्या युटा राज्यातील प्रोव्हो हे डोंगरपायथ्याचे शहर. तेथे ब्रिगहॅम यंग विद्यापीठाला लागून ‘मिशनरी ट्रेनिंग सेंटर’ आहे. हे केंद्र चालविणारा पंथ जगात मॉर्मन म्हणून ओळखला जातो. २०१८ पासून मात्र पंथप्रमुखांच्या आदेशानुसार ते नाव टाळून ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ हे लांबलचक नाव वापरण्याचा आग्रह धरला जातो. जोसेफ स्मिथ याने १८३० मध्ये स्थापन केलेल्या या पंथाला अनेक ख्रिस्ती संप्रदाय आजही आपल्यात धरीत नाहीत. म्हणजे हे ख्रिस्ती जगातही अल्पसंख्यच. असे असूनही आज त्यांचे ७० हजारांहून अधिक पूर्णवेळ प्रचारक जगभर हिंडत आहेत. अल्पसंख्य असणे म्हणजे दुबळे असणे नव्हे, हे ज्यांना शिकायचे असेल त्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

केंद्राचा आरंभ एका अडचणीतून झाला. मेक्सिको आणि अर्जेंटिना येथे जाणाऱ्या तरुणांचे व्हिसा वेळेवर मिळेनात. मुले रिकामी बसून होती. १९६१ मध्ये त्यांना विद्यापीठातच स्पॅनिश शिकविण्याची सोय करण्यात आली. वाट पाहण्याचे दिवस अभ्यासाचे झाले, आणि अडचण दूर झाल्यावरही अभ्यास थांबला नाही. १९६३ मध्ये त्याला भाषाप्रशिक्षणाच्या स्वतंत्र मिशनचे रूप आले, १९७६ मध्ये स्वतःचा परिसर मिळाला आणि १९७८ मध्ये आजचे नाव लाभले. २०१७ मध्ये दोन नव्या सहा मजली इमारतींची भर पडली. आज येथे ५० हून अधिक भाषा शिकविल्या जातात आणि एका वेळी सुमारे ३,७०० प्रशिक्षणार्थी राहू शकतात. शासकीय अनुदानाची वाट पाहत बसलेल्या भारतातील भाषा-संस्थांच्या चालकांनी हा इतिहास एकदा वाचावा.

येणारा मुलगा अठराएकोणीस वर्षांचा असतो. २०१२ पर्यंत मुलांसाठी किमान वय १९ आणि मुलींसाठी २१ होते. त्या वर्षी ते अनुक्रमे १८ आणि १९ करण्यात आले आणि प्रचारकांची संख्या एकदम वाढली. मुलाने दोन वर्षे द्यायची, मुलीने दीड. पगार नाही. उलट या काळाचा खर्च मुलाने स्वतः साठवलेल्या पैशांतून किंवा त्याच्या कुटुंबाने सोसायचा. कोणत्या देशात जायचे, कोणती भाषा शिकायची, हे त्याने ठरवायचे नसते. आदेशाचे पत्र येते, त्यात जे लिहिले असेल ते शिरोधार्य. फिनलंड लिहिले असेल तर फिनिश, थायलंड लिहिले असेल तर थाई.

दाराशी पाऊल ठेवताच त्याचे पहिले नाव गळून पडते. मुलगा ‘एल्डर’ आणि मुलगी ‘सिस्टर’, पुढे केवळ आडनाव. छातीवर काळी पट्टी लागते, आणि जो मुलगा जपानला जाणार त्याची पट्टी जपानी लिपीत असते, रशियन शिकणाऱ्याची रशियन लिपीत. स्वतःचे नाव अजून त्या लिपीत वाचता येत नाही, पण ते छातीवर मिरवायचे. लगेच एक जोडीदार नेमून दिला जातो. तो निवडायचा नसतो आणि त्याला सोडून कोठे जायचेही नसते. वर्ग, भोजनगृह, व्यायाम, प्रार्थना, सारे जोडीने. सकाळी साडेसहाला उठणे, रात्री साडेदहाला दिवे मालवणे. मधले बहुतेक तास अभ्यासाचे. दहाबारा जणांची एक तुकडी, तिला दोनतीन शिक्षक, आणि तीनतीन तास चालणारे वर्ग. आठवड्यातून एक दिवस ‘तयारीचा’. त्या दिवशी कपडे धुणे, खरेदी आणि घरी पत्र. २०१९ पर्यंत घरी दूरध्वनी करण्याची मुभा वर्षातून दोनदाच होती, नाताळला आणि मातृदिनाला. त्या वर्षी नियम सैल झाला आणि आता आठवड्याला बोलता येते. चित्रपट नाही, दूरचित्रवाणी नाही, मित्रमैत्रिणींची भटकंती नाही. संघाच्या शिक्षावर्गात राहून आलेल्या स्वयंसेवकाला या दिनक्रमात नवल वाटणार नाही. त्याच्या घरी सुट्टीत दहाला उठणाऱ्या भावंडाला मात्र वाटेल.

भाषा शिकविण्याची रीत याहून विचार करायला लावणारी आहे. शाळेतल्यासारखी व्याकरणाची घोकंपट्टी येथे मागे पडते. नियम असा की जी भाषा शिकायची ती पहिल्या दिवसापासून बोलायची, जेवताना, जिन्यात, कपडे धुताना. शब्द येत नसेल तर अडखळायचे, पण इंग्रजीकडे वळायचे नाही. पहिल्याच आठवड्यात, अवघे काही वाक्प्रयोग हाताशी असताना, विद्यार्थ्याला एका ‘जिज्ञासू’ माणसापुढे बसवून धर्मशिक्षण द्यायला लावतात. हा जिज्ञासू बहुधा त्यांचा शिक्षकच असतो. तो त्या देशातील एखाद्या गृहस्थाची भूमिका वठवतो, शंका विचारतो, कधी कंटाळतो, कधी दार लावून घेतो. पुढे ती भाषा जाणणारे स्वयंसेवक बोलावले जातात. शिक्षक बहुतांशी त्या त्या देशातून दोन वर्षे काढून परतलेले, विद्यापीठात शिकणारे तरुण. कालचा प्रचारक आजचा शिक्षक, त्यामुळे पुस्तकात नसलेले उच्चार, हातवारे, उंबऱ्यावर चपला काढाव्यात की नाही, हे सारे पुढच्या तुकडीपर्यंत पोहोचते. स्वभाषेत प्रचार करणाऱ्याला दोनतीन आठवडे पुरतात. कठीण समजल्या जाणाऱ्या भाषांना सुमारे नऊ आठवडे दिले जातात. २०२० च्या महासाथीत केंद्र रिकामे झाले, पण वर्ग पडद्यावरून चालूच राहिले. २०२१ मध्ये मुले परतली आणि पडद्यावरचा पहिला टप्पा घरूनच पुरा करण्याची पद्धत नंतरही टिकली.

नऊ आठवड्यांत कोणी पंडित होत नाही. परंतु उंबऱ्यावर उभे राहून हसतमुखाने दोन वाक्ये नीट बोलता येतात, आणि पुढची दोन वर्षे रस्त्यावरच शाळा भरते.

येथपर्यंतच्या वर्णनात कौतुक करण्याजोगे पुष्कळ आहे आणि ते नाकारण्यात पुरुषार्थ नाही. प्रश्न पुढे आहे. हा मुलगा त्या भाषेत आधी काय शिकतो? प्रार्थना, आणि आपल्या श्रद्धेची साक्ष. पश्चात्ताप, बाप्तिस्मा, पुनरुत्थान हे शब्द त्याच्या जिभेवर रुळतात तेव्हा बाजारातल्या भाज्यांची नावे अजून यायची असतात. दोन वर्षे तो त्या भाषेत वाचतो काय? स्वपंथाचे धर्मग्रंथ, ‘प्रीच माय गॉस्पेल’ ही २००४ मध्ये निघालेली आणि २०२३ मध्ये सुधारलेली प्रचारपुस्तिका आणि पंथाने मान्य केलेली मोजकी पुस्तके. ज्या देशात तो राहतो त्या देशाच्या कथा, कविता, तत्त्वज्ञान, रंगभूमी यांसाठी त्या दिनक्रमात जागा ठेवलेली नाही. जपानी शिकणाऱ्यापुढे बाशो येत नाही, रशियन शिकणाऱ्यापुढे टॉलस्टॉय येत नाही. हिंदी शिकणाऱ्याला तुलसीदास आणि तेलुगू शिकणाऱ्याला पोतना कोण हे न कळताच परत जाता येते. पुढे कोणी स्वतःच्या आवडीने वाचले तर ती त्याची थोरवी. संस्थेने ते त्याच्या वाट्याला ठेवलेले नसते.

भाषा म्हणजे केवळ दाराची कडी नव्हे. ती शिकणाऱ्याने त्या घरात काय बोलले जाते, कशावर हसले जाते, मृत्यूच्या वेळी कोणते शब्द उच्चारले जातात, हे ऐकायचे असते. प्रोव्होचा विद्यार्थी घरात प्रवेश करण्याइतकी भाषा शिकतो; घरातल्या माणसाचे सांगणे मात्र त्याच्या लेखी अडथळा ठरते, कारण उत्तर त्याच्याजवळ अगोदरच तयार असते. समोरचा गृहस्थ त्याच्या पुस्तिकेत ‘शिकवायचा माणूस’ असतो. ज्याच्याकडून शिकायचे असा माणूस त्या पुस्तिकेत नाही. जो मुलगा हे करतो त्याच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचे कारण नाही. घरदार सोडून परमुलखात उन्हात पायपीट करणारा अठरा वर्षांचा पोर ढोंगी नसतो. आक्षेप आहे तो त्याला घडविणाऱ्या व्यवस्थेवर. जगातील ५० भाषा शिकवून त्यांतील एकाही भाषेतील माणसाचे ऐकून घेण्याची तयारी न देणारी विद्या अर्धवटच म्हटली पाहिजे.

या विद्येचा उपयोग पुढे धर्मापुरताच राहत नाही. युटा राज्याच्या नॅशनल गार्डमध्ये ‘३०० वी मिलिटरी इंटेलिजन्स ब्रिगेड’ आहे. भाषा जाणणाऱ्या सैनिकांसाठी ती ओळखली जाते आणि तिच्यात मिशनहून परतलेल्या तरुणांचा मोठा भरणा असल्याचे अमेरिकेत उघडपणे सांगितले जाते. जॉन हन्ट्समन याने तरुणपणी तैवानमध्ये मिशनरी म्हणून चिनी भाषा शिकली. २००९ ते २०११ या काळात तो चीनमध्ये अमेरिकेचा राजदूत होता. यावरून प्रत्येक मिशनरी हेर असतो असा निष्कर्ष काढणे हास्यास्पद ठरेल, आणि असले निष्कर्ष काढणाऱ्यांमुळेच गंभीर प्रश्न थट्टेवारी जातो. मुद्दा इतकाच की एका लहान पंथाने घरच्या खर्चाने शिकविलेल्या भाषा अखेर एका महासत्तेच्या व्यापाराला, सैन्याला आणि परराष्ट्रनीतीला आयत्या मिळाल्या. परभाषा शिकणे हा तेथे राष्ट्राच्या शक्तीचा भाग झाला.

भाषेचा असा साधनासारखा वापर मराठी आणि कोकणी बोलणाऱ्यांना नवा नाही. पंथ निराळा होता, काळ निराळा होता. १५७९ मध्ये गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स येथील भाषेत इतका मुरला की १६१६ मध्ये त्याने रायतूर येथे ‘क्रिस्तपुराण’ छापले. सुमारे ११ हजार ओव्या, आणि त्याही मराठीत. स्टीफन्सचे मराठीवरचे प्रेम खरे होते हे मान्य केलेच पाहिजे. ओवी कानांत रुजल्याखेरीज कोणाला ओवी लिहिता येत नाही. प्रोव्होच्या वर्गात जे घडत नाही ते त्याच्या बाबतीत घडले होते, त्याने आधी ऐकले होते. परंतु ज्या सत्तेच्या छायेत तो राहिला तिला भाषेचे प्रेम नव्हते, गरज होती. गरज सरल्यावर काय झाले? २७ जून १६८४ रोजी, फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या आग्रहावरून, पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की गोवेकरांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी आणि देशी भाषा सोडावी. ज्या भाषेत ख्रिस्ताचे पुराण गायले गेले तीच भाषा अवघ्या ६८ वर्षांत अपराध ठरली.

बंगालमध्ये श्रीरामपूरला बसून विल्यम केरीने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले आणि १८१० मध्ये कोश. मराठी गद्याच्या इतिहासात त्याचे नाव आदराने घेतले जाते, घ्यावेही. पण त्याला मराठी शिकविणारे पंडित वैजनाथ शर्मा किती मराठी घरांत ठाऊक आहेत? व्याकरण शिकून घेणारा प्रसिद्ध झाला, शिकविणारा तळटीपेत गेला. हा दोष केरीचा नव्हे. स्वतःच्या पंडितांची आठवण ठेवण्याचे काम परक्यावर सोपवून मोकळे होणाऱ्या समाजाचा आहे.

प्रोव्होचा हा पंथ भारतात आहेच. बंगळुरू मिशन १९९३ मध्ये, नवी दिल्ली मिशन २००७ मध्ये आणि हैदराबादेत त्यांचा भारतातील पहिला ‘स्टेक’, म्हणजे अनेक मंडळ्यांचा विभाग, २०१२ मध्ये स्थापन झाला. २०१८ मध्ये बंगळुरूत मंदिर उभारण्याची घोषणा झाली. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने धर्माचा प्रसार करण्याचा अधिकार प्रत्येकाला दिला आहे. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही. ही कायद्याची चौकट पुरेशी स्वच्छ आहे. तिचा भंग झाला तर तक्रार नोंदवावी, न्यायालयात जावे. पट्टी लावलेल्या पोराच्या अंगावर धावून जाणे हा ना कायदा आहे, ना धर्म, आणि ज्याला उत्तर सुचत नाही तोच हात उगारतो. कायदा फसवणूक रोखू शकतो. परक्याने साधलेली जवळीक मात्र कोणत्याही कलमाने रोखता येत नाही. तिला उत्तर एकच, घरच्यांनी त्याहून अधिक जवळ असणे.

आणि येथेच हिंदू मध्यमवर्गाची बाजू लंगडी पडते. महाराष्ट्रातील वनवासी भागांत काय बोलले जाते हे पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित कुटुंबात विचारून पाहावे. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, नंदुरबारच्या सातपुड्यात भिली आणि पावरी. २०११ च्या जनगणनेत देशात भिली बोलणारे १ कोटीहून अधिक, गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख आणि कोरकू बोलणारे ७ लाखांवर नोंदले गेले. घटनेच्या आठव्या अनुसूचीत यांतील एकही भाषा नाही. त्या अनुसूचीबाहेरच्या जगाला ‘आपले बांधव’ म्हणायचे, दिवाळीला फराळाचे डबे न्यायचे आणि त्यांच्याशी बोलायचे मात्र दुभाष्यामार्फत! फराळाचा डबा आणि दुधाच्या भुकटीचा डबा यांतला फरक घेणाऱ्याला कसा कळावा, देणाऱ्या दोघांनाही जर त्याची बोली येत नसेल? आणि तिसरा कोणी ती शिकून आला, तर तक्रार कोणाविरुद्ध करायची?

दुसरा मार्ग अज्ञात आहे असेही नाही. बाळासाहेब देशपांडे १९५२ मध्ये जशपूरला वनवासी कल्याण आश्रमाचे काम घेऊन बसले ते पाहुणे म्हणून नव्हे. एकनाथजी रानडे यांनी १९७२ मध्ये कन्याकुमारीला विवेकानंद केंद्र उभे केले आणि १९७७ पासून अरुणाचलात त्याच्या शाळा सुरू झाल्या. तेथे गेलेले मराठी, तमिळ, केरळी तरुण शिक्षक त्या डोंगरांत वर्षानुवर्षे राहिले. निराळ्या परंपरेतले डॉ. प्रकाश आमटे १९७३ मध्ये हेमलकशाला गेले. त्यांना रोग्याची माडिया आधी शिकावी लागली, औषध त्यानंतर देता आले. अशी माणसे आहेत. परंतु ती व्यक्तींच्या तपस्येवर उभी आहेत. प्रोव्होत जे आहे ते व्यक्तींच्या तपस्येवर अवलंबून नाही. तेथे सामान्य बुद्धीच्या, सामान्य घरच्या मुलालाही ठरावीक आठवड्यांत परभाषेत उभे करण्याची सोय आहे, आणि एक तुकडी गेली की तिची जागा भरायला दुसरी येते.

कार्यकर्त्यांच्या वर्गांत शारीरिक असते, बौद्धिक असते, गीते पाठ होतात, इतिहास सांगितला जातो. त्या वेळापत्रकात कोरकूचा एक तास कोठे आहे? संस्कृत संभाषणाचे दहा दिवसांचे वर्ग गावोगाव यशस्वी झाले, तेव्हा बोलत बोलत भाषा शिकविण्याची रीत हिंदू संघटनांना अपरिचित आहे असे म्हणता येणार नाही. तीच रीत गोंडीला का लागू नये? घरोघरी तर याहून विचित्र स्थिती आहे. ज्या आईवडिलांना धर्मांतराची चिंता वाटते, त्यांचीच मुले मराठीतले पत्र वाचताना अडखळतात, आणि त्याचे घरात कौतुक होते. आजीच्या ओव्या नातवाला परक्या. ज्याला घरची भाषा जड झाली तो पाड्यावरची भाषा कधी शिकणार?

आरंभ मोठा असण्याची गरज नाही. येत्या उन्हाळ्यात धारणी किंवा चिखलदऱ्याला सहा आठवड्यांचा निवासी वर्ग, वीस तरुण. शिक्षक कोरकूच असावा आणि त्याला मानधन शहरातल्या शिकवणीच्या दराने द्यावे, उपकार म्हणून नव्हे. सकाळपासून रात्रीपर्यंत कोरकूखेरीज दुसरी भाषा बोलायची नाही. प्रोव्होच्या वेळापत्रकातले एवढे उसने घ्यायला हरकत नाही. त्यात एक तास मात्र तेथे नसलेला घालावा. रोज सायंकाळी गावातल्या वृद्धांजवळ बसून त्यांची गाणी, त्यांच्या देवांच्या कथा, पिकांची आणि आजारांची नावे वहीत उतरवून घ्यायची, आणि त्या तासात विद्यार्थ्याने प्रश्नाखेरीज दुसरे काही बोलायचे नाही. सहा आठवड्यांनी या वह्या त्याच गावाच्या शाळेत ठेवाव्यात.